थंड पाण्याचा वाफारा

आक्का, तुझ्या दहाव्याला आलेली प्रत्येक बाई माझ्याशेजारी टेकली, पदर सावरला आणि तेच म्हणाली. सायनसचा फार त्रास होता हो बिचारीला, जन्मभर डोकं धरून बसली. मी मान हलवत राहिले. हलवून हलवून मान दुखायला लागली, तेव्हा एकीनं मलाच सुंठेचा लेप सुचवला.

तू असतीस तर पदराआड हसली असतीस.

चारचौघांत मी तुला ‘अहो आक्का’ म्हणायचे. तू थोरली जाऊ, मी धाकटी. त्यात मी नाशिक शहरातली, म्हणजे मखमलाबादच्या मळ्यातल्या माणसांच्या मते जरा फाजीलच, तेव्हा मान थोडा जास्तच द्यावा लागायचा. घोंगडीखाली मात्र आपण दोघी अगं-तुगंवर यायचो. हे लिहिणं घोंगडीखालचं समज.

तुला सायनस नव्हतं. हे जगात दोघींनाच ठाऊक आहे, एक तू आणि एक मी, असं मी परवापर्यंत समजत होते. मी नेहमीच स्वतःला फार हुशार समजत आले. आता सत्तरी उलटली, चष्म्याचा नंबर वाढला, तरी ही खोड जात नाही.

लग्न होऊन आले तेव्हाची मी आठवते का तुला? कपाळावर केसांचा फुगा, हातात पर्स, पर्समध्ये बामची बाटली. कॉलेजच्या पहिल्याच वर्षी गचकलेली, पण बोलणं असं की मुख्याध्यापिका वाटावी. सायनस हा शब्द त्या घरात मीच आणला. तोवर मळ्यात नुसतं पडसं होतं, फार तर डोकं उठायचं. मी ऐटीत सांगितलं की मला सायनसचा त्रास आहे. सासूबाईंना वाटलं, माहेरचं काहीतरी सोनंनाणं आहे आणि मी ते दाखवत नाहीये. तुला तो शब्द फार आवडला. तू तो दोनदा म्हणून बघितलास. मला वाटलं, अडाणी बाई, शिकतेय बिचारी. तेव्हाच्या त्या कुंदाला आज हाताला धरून तुळशीपाशी उभी करावी आणि कान पिळावा असं वाटतं, पण तिचा कान पिळायला गेलं तर माझाच दुखेल.

मला मात्र खरंच सायनस होतं. भल्या पहाटे दवात झेंडू तोडायचा, लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं, नाकात फुलांची धूळ, आणि सूर्य वर येईतो माझं कपाळ असं ठणकायचं की कुणीतरी आतून टाकीनं पाटा टाचवतंय. तू मला ताब्यात घेतलंस. सहाणेवर सुंठ आणि वेखंड उगाळून भुवयांपासून नाकाच्या शेंड्यापर्यंत लेप. रात्री मान मागं टाकून नाकात कोमट तुपाचे थेंब. मी म्हणाले, आक्का, ही नाकाला फोडणी झाली. तू म्हणालीस, गप पड, नाहीतर मोहरी घालीन. तव्यावर ओवा भाजून त्याची पुरचुंडी करायची आणि कपाळ शेकायचं, हे तू एकदा दाखवलंस, नि दुसऱ्यांदा मी माझ्या अकलेनं केलं. जितका चटका जास्त तितका गुण जास्त, असा माझा हिशेब. कुंकवाशेजारी दुसरा टिळा उठला, फोडाचा. तू आधी पोट धरून हसलीस, मग तूप लावलंस आणि सासूबाईंना सांगितलंस की गांधीलमाशी चावली. तेव्हाच मला कळायला हवं होतं की तू सहज खोटं बोलू शकतेस. तुझा चेहराच असा होता, की तू सांगितलंस ते झालंच असणार.

आणि वाफारा. बांधावरचा निर्गुडीचा पाला, मूठभर ओवा, हळद, गवती चहाची दोन पाती, पातेलं चुलीवरून उतरवलं की वरून घोंगडी. त्याला आपल्या घरात एक रीत होती. घोंगडीखालच्या माणसाला हाक मारायची नाही. बाहेर आल्यावरही लगेच उंबरा ओलांडायचा नाही, मधल्या खोलीत दार लावून, घाम निथळेपर्यंत बसायचं. वारं लागलं तर दुखणं दुप्पट होऊन बसतं, असं सासूबाईंच्या सासूबाईंनी सांगितलेलं. सासूबाई तुला न्हाणीतून हाक मारायच्या, जेवताना पानावरून उठवायच्या, लेकीला, वैशालीला पाजत असलीस तरी ओरडायच्या. पण घोंगडीखाली? तिथं त्या पाय न वाजवता जायच्या. ह्या रीतीचा उपयोग त्या घरात फक्त तुला कळला.

माझा तिथला पहिला दसरा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडूच्या मळ्यात जिवंत माणूस घरात बसलेलं चालत नाही, हे मला तेव्हा कळलं. दादा, म्हणजे तुझा नवरा आणि माझे थोरले दीर, पहिली गाडी घेऊन पंचवटीच्या बाजारात गेले होते. तुझा भाऊ दिंडोरीकडून सायकल मारत आला. तुमच्या वडिलांची घटका भरत आली होती. तू हातातली पाटी खाली ठेवलीस, झेंडूनं पिवळे झालेले हात पदराला पुसलेस, वैशालीला माझ्या कडेवर दिलंस आणि सायकलवर बसलीस. कुणाला विचारलं नाहीस. विचारायचं दादांना, आणि ते होते कुठं? दादा परत यायला दुपार होणार होती, आणि तुझ्या वडिलांना तेवढा वेळ नव्हता.

त्यांचं तेरावं करून तू आलीस, आणि दादा तुझ्याशी बोलले नाहीत.

मला वाटलं, चार दिवस. मग वाटलं, दिवाळीपर्यंत. दिवाळीच्या पाडव्याला तू ओवाळलंस, त्यांनी ताटात ओवाळणी टाकली आणि वैशालीला म्हणाले, आईला सांग, तेल गरम कर. वैशाली तेव्हा बोबडं बोलायची. तिनं तुझ्याकडं बघून सांगितलं, आई, तेल गलम कल. सगळे हसले. तूही हसलीस. इथून ती पोर तुमच्या दोघांमधली टपाल झाली. आईला सांग, भाकरी वाढ. आईला विचार, दूध दिलं का. आईला म्हणावं, उद्या पाहुणे येणार आहेत. आई त्याच खोलीत, हातभर अंतरावर.

थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीशी फार बोलू नये, ही आपल्याकडची रीत. दादांनी ती रीत तुझ्यावर चालवली. माझ्याशी मात्र ते कामापुरतं का होईना, थेट बोलायचे.

लोक त्यांना देवमाणूस म्हणायचे, आजही म्हणतात. दारूला शिवले नाहीत, कधी हात उचलला नाही, बाजारात कुणाला वर आवाज केला नाही. अशा माणसाची तक्रार तू कुठल्या दारात नेणार होतीस? अंगावर वळ असता तर माहेरी दाखवता आला असता. बोलत नाहीत, एवढंच सांगायला गेलीस तर तुझी आईच म्हणाली होती, बरंय की गं, माझा नवरा तर किती बोलायचा.

मग तुझं डोकं दुखायला लागलं.

मी त्या वेळी काय म्हणाले असेन? म्हणाले, कांगावा. माझ्या नवऱ्याला म्हणाले, तुमच्या वहिनीला माझं बघून सायनस झालंय. मला माझ्या दुखण्याची नक्कल केल्याचा राग आला होता गं. अशी मी. दुसरीनं तीच साडी घेतली की जो राग येतो, तोच.

आणि एकदा भादव्यात माझं नाक असं चोंदलं की तोंडानं श्वास घेऊन घशाला कोरड पडली. तू मधल्या खोलीत घोंगडीखाली होतीस. आता दुसरं पातेलं कोण चढवणार, असा आळस करून मी घोंगडीचं टोक उचललं आणि आत शिरले. चेहरा पातेल्यावर धरला. वाफच नाही. बोट घातलं. पाणी थंड, माठातलं. पाला वर हिरवागार तरंगत होता. तू गुडघे पोटाशी घेऊन बसली होतीस आणि पदराचा बोळा तोंडात धरला होतास.

तू बोळा काढलास. म्हणालीस, “आलीस तर ये आत. वारं येऊ देऊ नको.”

मग मला जे सुचलं ते इतकं मूर्खासारखं होतं की आजही आठवून हसते. मी विचारलं, पण आक्का, पाणी का नाही तापवलं? तेवढं तरी खरं वाटलं असतं. तू नाक पुसलंस आणि म्हणालीस, “वाफेनं डोळे चुरचुरतात गं. नीट रडता येत नाय.”

आणि आपण दोघी हसलो. तोंडात पदर कोंबून, घोंगडी हलणार नाही अशा बेतानं. बाहेरून सासूबाई म्हणाल्या की कोण खोकतंय, चांगलं सुटतंय वाटतं, सुटू दे.

त्यानंतर किती वेळा गेलो आत, सांग. तिथं मी तुला दादांची नक्कल करून दाखवली. तिथं आपण गूळ-शेंगदाणे खाल्ले, टरफलं पातेल्यात. तिथं तू मला सांगितलंस की दिंडोरीला तुझ्या वडिलांच्या मळ्यात गुलाब होता आणि तुला वास आवडायचा तो फक्त बुजगावण्याच्या जुन्या कोटाचा, कारण तो त्यांचा होता. माझी पोरं झाली तेव्हाच्या सगळ्या भीती मी तिथं ओकले. माझा नवरा घरातल्या घरात तालेवार आणि बाहेर मेंगळट, हे मी तुझ्याशिवाय कुणाला सांगितलं नाही. घोंगडीला शेळीचा वास यायचा, निर्गुडीचा कडवट वास यायचा, आणि त्या दोन्हींत मला माझं खरं माहेर मिळालं. ते तू दिलंस. हे आधी सांगायला हवं होतं. जिवंत होतीस तोवर मी फक्त भांडत राहिले.

भांडण एकच होतं. मी म्हणायचे, एकदा तोंडावर विचार त्यांना. तू म्हणायचीस, मी बोलते की, तेच बोलत नाहीत. मी म्हणायचे, मग ओरड, ताट आपट, चार माणसांत रड. तू म्हणायचीस, लय बोलती बाई तू, बामची बाटली काढ. एकदाच तू नीट उत्तर दिलंस. म्हणालीस, “बापाच्या तोंडात पाणी मी माझ्या हातानं घातलं. त्यापुढं ह्यांचं बोलणं मोठं नाय.” पण मोठं नव्हतं तर रडायचीस कशाला, हे विचारायचं राहून गेलं. म्हणजे विचारलं, पण तुझ्यासमोर नाही.

आणि तो कान-नाक-घशाचा डॉक्टर. सासूबाईच म्हणाल्या होत्या, थोरलीला एकदा दाखवून आण, तुला इंग्रजी येतं. (मला इंग्रजी येत नव्हतं. मी नापास इंग्रजीतच झाले होते.) त्यानं फोटो काढला, उजेडात धरला आणि म्हणाला, नाक अगदी स्वच्छ आहे, काही नाही. मी हादरले. घोंगडीवरचं तुझं राज्य आता गेलं, असं वाटलं. तू शांत होतीस. परत येताना रिक्षात म्हणालीस, घरी सांग, लय हाय म्हणून. मग मी काय गप्प बसते? सांगितलं की जुनाट आहे, हाडात उतरलंय, वाफारा एक दिवसही चुकवायचा नाही, आणि थंडीत पहाटेच्या दवात पाय ठेवायचा नाही. हे शेवटचं माझं स्वतःचं. त्या हिवाळ्यात तू सूर्य उगवल्यावर मळ्यात गेलीस. मला वाटलं, सोडवलं मी तुला. फार मोठी मुक्तिदाती! कुलूप तसंच ठेवलं आणि आत उशी नेऊन दिली.

पुढं आम्ही गंगापूर रोडला आलो. फ्लॅट, लिफ्ट, गॅलरीत कुंडीत तुळस. इथं माझी नात सई नाक चोंदलं की मोबाइलवर घरगुती उपाय काढते आणि मला मोठ्यानं वाचून दाखवते. आले, हळद, तुळस, निलगिरी. मी म्हणते, निर्गुडी लिहिलीय का? नसते. तिच्याकडं वाफेचं यंत्र आहे, प्लास्टिकचं, त्यात फक्त नाक आणि तोंड मावतं. मी एकदा म्हणाले, हे काय यंत्र, ह्याच्यात दुसरं माणूस कुठं बसणार? तिला वाटलं, आजी भ्रमली.

शेवटचं तुला भेटले तेव्हा तू खाटेवर होतीस. पाय सुजलेले, श्वास अर्ध्यावरून परत फिरायचा. डॉक्टरांनी हृदयाचं सांगितलं होतं. दादा दारात उभे होते. वैशाली सिन्नरहून आली होती. तिला म्हणाले, आईला विचार, पाणी हवं का. तू डोळे मिटलेस. पाणी नकोच होतं की विचारणं नको होतं, ते तूच जाणे. मी तुझ्या कानाशी वाकून म्हणाले, चल माझ्याकडं, लिफ्ट आहे, जिना चढायचा नाही, निदान थोडे दिवस. तू म्हणालीस, तिथं निर्गुडी कुठं हाय.

हे तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं. दुसरी एखादी असती तर म्हणाली असती, पोरांना सांभाळ, सुखी राहा. तू पाल्याचं कारण दिलंस. मला तुझा इतका राग आलाय आक्का, की अजून धड रडले नाही मी.

दहाव्याला रामकुंडावर पिंड ठेवले आणि कावळा येईना. झाडावर होते, खाली उतरत नव्हते. गुरुजी म्हणाले, काहीतरी इच्छा राहिली असेल, जवळच्यांनी बोला. वैशाली बोलली, आई, बाबांची काळजी करू नको. कावळा नाही. माझा नवरा बोलला, वहिनी, मळा आम्ही बघू. नाही. मग सगळ्यांनी दादांकडं बघितलं. मीही बघितलं. खरं सांगते, वाटलं, आता तरी. इतकी वर्षं जे अडलं होतं ते आता निघेल, आणि कावळा झेपावेल, आणि मी ह्या माणसाला माफ करून टाकीन. दादा पुढं झाले. हात जोडले. आणि गुरुजींकडं बघून म्हणाले, “तिला सांगा, काही मनात ठेवू नको म्हणावं.”

तिला सांगा. मेल्यावरसुद्धा मध्ये माणूस लागला.

कावळा आला नाहीच. शेवटी दर्भाचा केला. बायका हळहळल्या. मला फार बरं वाटलं.

मळ्यात परत आलो. जेवणं झाली, पुरुषमंडळी ओट्यावर खुर्च्या टाकून बसली, आणि मी मधल्या खोलीत गेले. वैशाली जमिनीवर बसून निर्गुडीच्या डहाळ्यांचा पाला ओरबाडत होती. पिशवी भरत आली होती. सिन्नरला न्यायचीय, म्हणाली, तिकडं एमआयडीसीच्या बाजूला मिळत नाही. तिलाही सायनस आहे, हे मला माहीत होतं. लग्नानंतर लगेचच सुरू झालं होतं. आपण दोघी म्हणायचो, आईचं पोरीत उतरलं. तू म्हणायचीस आणि मी मान हलवायचे. बघ कशी मी. तुला सायनस नाही हे ठाऊक असून, पोरीत काय उतरणार, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

त्या दिवशी आलं. तिच्या हाताकडं बघताना आलं. मी शेजारी बसले, दोन डहाळ्या घेतल्या आणि भोळेपणानं विचारलं, फार दुखतं का गं डोकं?

ती पाला ओरबाडत राहिली. मग म्हणाली, “काकू, तुम्हाला तर माहितीय. आईनंच सांगितलं होतं मला, लग्नाच्या आदल्या दिवशी. म्हणाली, गेल्या गेल्या, पहिल्याच आठवड्यात डोकं दुखतं म्हणून सांग. आधीपासून असलं म्हणजे पुढं कुणी विचारत नाही.”

मी विचारलं, तुला कशासाठी लागतं? ती हसली. तुझंच हसू, ओठ न उघडणारं. म्हणाली, बाबा बोलायचे नाहीत आणि आमच्याकडं तोंड मिटत नाही. भाजीत मीठ, हातातला फोन, माहेर, चालणं, बसणं, मुलांसमोर, मुलांच्या मित्रांसमोर. मारत नाहीत काकू, तसं काही नाही. हे ‘तसं काही नाही’ तिनं इतक्या सराईतपणे म्हटलं की मला तुझा आवाज ऐकू आला.

आक्का, तू पोरीला पाच भांडी दिलीस, पैठणी दिलीस, पाटल्या दिल्यास. आणि वर हे. लग्नाच्या आदल्या दिवशी, हळद ओली असताना, तुला तिला हे शिकवावंसं वाटलं? नवरा कसा निघेल हे कळायच्या आत? म्हणजे तू धरूनच चालली होतीस. मला ती घोंगडी आपल्या दोघींची वाटत होती. मला वाटायचं, आपण तिथं लबाडी करून थोडी हवा मिळवतोय. तुझ्या दृष्टीनं ती विद्या होती. सहाणेवर सुंठ किती उगाळावी तसं, कुठं आणि किती रडावं. मायेनं दिलंस, हेही मला कळतं. तुझ्याजवळचा एकच उपाय, जो तुला लागू पडला, तो दिलास. पण लागू पडला का गं? खरंच पडला? जन्मभर घेतलास तू तो वाफारा. गुण आला असता तर बंद नसता केलास?

मी उठले. मी काही शूर बाई नाही. घरात चारजणांत बोलायची वेळ आली की मी विनोद करते आणि निसटते, हे तुला ठाऊक आहे. पण पाय ओट्यावर गेले. दादा शेजारच्या मंडळींना सांगत होते की अखेरपर्यंत सायनसनं पिडली तिला, केवढे उपाय केले. डोळे पुसत होते. मी दारात उभी राहून म्हणाले, “दादा, आक्कांना सायनस नव्हतं.”

कुणीतरी खुर्ची मागं सरकवली. मी म्हणाले, त्या रडायच्या. घोंगडीखाली थंड पाण्याचं पातेलं घेऊन. तुम्ही बोलत नव्हता म्हणून.

दादांनी माझ्याकडं बघितलं. मग त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागं गेली, जिथं वैशाली येऊन उभी होती, हातांना निर्गुडीचा रंग. आणि आक्का, तो माणूस तिला म्हणाला, “वैशाली, काकूला सांग, ऊन वर आलंय, घरी जावं म्हणावं.”

तेव्हा मला कळलं की ते कसं असतं. समोर उभं असताना खोलीतून पुसून टाकणं. मला इतकी वर्षं वाटत होतं की मला कळतं, कारण मी आत येऊन बसत होते. नव्हतं कळलं. आता कळलं, एकाच वाक्यानं. तू ह्यावर किती स्वयंपाक केलेस गं?

वैशाली माझ्याकडं वळली. तिचं तोंड उघडलं. बोबडी होती तेव्हापासूनची सवय, निरोप आला की तो पोचवायचा. तिनं तोंड मिटलं. मग बापाकडं वळली.

“तुम्हीच सांगा बाबा. त्या समोर उभ्या आहेत.”

वैशाली तिथंच दाराच्या चौकटीला टेकली आणि तिला रडू फुटलं. पदर नाही, बोळा नाही. नाक वाहत होतं, तोंड वेडंवाकडं झालं होतं, आवाज ओट्याच्या खाली अंगणापर्यंत जात होता, आणि पुरुषमंडळी आपापल्या चपलांकडं बघत होती. मागच्या मळ्यातली म्हातारी मावशी लगबगीनं उठली. अगं, आईसारखंच उठलं हिचं डोकं, पाणी ठेवा, वाफ द्या पोरीला, असं म्हणत तिला आत न्यायला लागली.

वैशालीनं तिचा हात सोडवला. म्हणाली, “डोकं दुखत नाही मावशी. मी रडतेय.”

आणि ओट्यावरून हलली नाही. चांगला वारा सुटला होता.

त्या संध्याकाळी ती सिन्नरच्या बसमध्ये बसली, पिशवी घेऊन की न घेता ते मी बघितलं नाही. पुढं ती काय करील, तिथं जाऊन काय बोलेल, की काहीच बोलणार नाही, ते मला माहीत नाही. दादांनी मला अजून फोन केलेला नाही. आता बहुधा माझी पाळी आहे. चालेल. मला तशीही बडबड एकटीला जमते.

पण ते ‘मी रडतेय’ तू ऐकायला हवं होतंस, आक्का. तुझ्याच ओट्यावर, भर दुपारी, तुझ्या पोरीच्या तोंडून. मी दोन दिवस ह्याच गोष्टीवर हळहळत होते. मग लक्षात आलं की तू तिथं असतीस, तर ती तसं बोललीच नसती.